अक्का, तुझा रक्तगट बदलला होता

अक्का, तू गेलीस तेव्हा तुझ्या अंगात माझं रक्त होतं. भावाबहिणीचं बोलायची रीत असते म्हणून हे लिहीत नाही. जे होतं ते लिहितोय. तुझ्या हाडांतली रक्त बनवायची जागा डॉक्टरांनी औषधं देऊन रिकामी केली होती आणि तिथं माझ्या पेशी नेऊन रुजवल्या होत्या. शेवटचे काही महिने तुझ्या नसांतून जे फिरत होतं ते सगळं माझ्या पेशींनी बनवलेलं होतं. भीमेच्या काठावर दाजींनी तुला अग्नी दिला तेव्हा मी जरा लांब उभा राहिलो. लोकांना वाटलं, धाकटा भाऊ आहे, बघवत नसेल. बघवत नव्हतंच. पण त्याहीपेक्षा मनात हे येत होतं, की त्या लाकडांत माझंही काहीतरी जळतंय.

तुझा दहावा झाला. पाहुणे पांगले. मी शिरूरला परत आलो, कंपनीत हजर झालो, आणि दिवसभर मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. भांडण तसं जुनं नाही. पण तू मधेच उठून गेलीस, तेव्हा माझं बोलणं ऐकून घे.

दिवाळी होऊन गेली होती. तू शाळेतले सहामाहीचे पेपर तपासत होतीस आणि जिना चढताना तुला दम लागत होता. तू म्हणालीस, वय झालं. पायांवर बारीक जांभळे ठिपके उठले, त्याचं खापर तू नव्या चपलांवर फोडलंस. मग एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून आलेलं रक्त थांबेना. दाजी मालगाडी घेऊन सोलापूरच्या बाजूला गेलेले. गाडी चालवणाऱ्याला बायकोचा फोन आला म्हणून मधेच उतरता येत नाही. तू मला फोन केलास.

"संजू, येतोस का जरा? लॅबमधी जायचंय. गरगरतंय, एकटीनं जायला नको वाटतंय."

शाळेत तू पुस्तकासारखं बोलायचीस. माझ्याशी बोलताना मात्र घरचं बोलणं तुझ्या तोंडात आपोआप यायचं. त्या दिवशी तुझा आवाज ऐकूनच मी मोटारसायकल काढली आणि शिरूरहून दौंडला येईपर्यंत कुठं थांबलो नाही.

लॅबमध्ये रेश्मा होती. तुझीच विद्यार्थिनी. तिनं तुझ्या पाया पडून मग तुझ्या दंडाला पट्टा बांधला. रक्त काढून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती चेहरा उतरवून.

"मॅडम, पुन्हा एकदा काढू का रक्त? मशीन काहीतरी चुकीचं दाखवतंय."

तू म्हणालीस, "नळी फिरवून आण बरं. मला दाखव."

तिनं ती काचेची नळी यंत्रात फिरवून आणली. तू ती खिडकीच्या उजेडात धरलीस. मला जवळ बोलावलंस आणि करंगळीच्या नखानं एकेक थर दाखवायला लागलीस, मी सातवीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलोय असं.

"हे वरचं पिवळं दिसतंय ना, हा रक्तद्रव. निम्म्याहून जास्त रक्त म्हंजी हेच, आन् त्यातबी बहुतेक पाणीच. खाली ह्या तांबड्या पेशी. श्वासातला ऑक्सिजन अंगभर पोचवायचं काम ह्यांचं. आन् मधी हा पांढरा थर. पांढऱ्या पेशी आन् प्लेटलेट. पांढऱ्या पेशी रोगाशी भांडत्यात, प्लेटलेट जखम बुजवत्यात. हा थर कागदाएवढा असतो. दिसला तर दिसला."

मी म्हणालो, "तुझा तर सायीसारखा जाड दिसतोय."

"तेच की," तू म्हणालीस.

रेश्माच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. तू तिला विचारलंस, "स्लाइड बघितलीस?" ती म्हणाली, बघितली. "कच्च्या पेशी आहेत?" तिनं मान हलवली. तू नळी परत तिच्या हातात दिलीस. "रडू नको. नळी नीट ठेव, पुण्याचे डॉक्टर मागतील."

आजार माणसाला दुसरं कुणीतरी सांगतं. तुझा रक्ताचा कॅन्सर तूच आम्हाला दाखवलास. बाहेर येऊन तू चहा मागितलास आणि तो समोर ठेवून निवू दिलास. मग म्हणालीस, "केतकीला आज सांगू नको. तिची उद्या परीक्षा हाय." तुझी पोरगी बारावीला, सायन्सला. आपल्या घरात बातम्या कुणी, कधी आणि कुणाला सांगायच्या हे तूच ठरवायचीस. मरेपर्यंत तेच केलंस.

पुण्याच्या दवाखान्यात त्यांनी तुझ्या कमरेच्या हाडातून सुई घालून आतला मगज काढला. मी तोवर समजत होतो रक्त हृदयात तयार होतं. तुला इतकं हसू आलं की नर्स बघायला आली. "हृदय नुसतं ढकलायचं काम करतं रे. रक्त हाडात बनतं. सगळ्या पेशींची आई एकच, ती हाडात बसलेली असती. तिच्यापासून तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट, सगळी पोरं. माझ्यात काय झालंय, की पांढरी पोरं मोठी व्हायच्या आधीच घराबाहेर पडायला लागलीत. त्यांना काही काम येत न्हाई, नुसती गर्दी. बाकीच्यांना जागाच ठेवली न्हाई."

हे सांगताना तुझ्या ओठांना रक्ताच्या खपल्या होत्या. अंगात कोट्यवधी पांढऱ्या पेशी आणि साध्या तापाशी भांडायला एक कामाची नाही. हा विचार करतच मी त्या दिवशी शिरूरच्या एसटीत बसलो आणि स्टँड येईपर्यंत माझं कुठंच लक्ष नव्हतं.

पहिल्या औषधांनी तुझे केस गेले, चव गेली, नखं काळी पडली. तुझ्या प्लेटलेट इतक्या खाली यायच्या की खोकल्यानं डोळ्यांत रक्त उतरायचं. पिशव्या लागत होत्या, आणि प्लेटलेटची पिशवी पाच दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणजे माणसं सारखी आणावी लागत होती. कोण कोण आलं ते तू विचारायचीस म्हणून मी सांगायचो. रेल्वे कॉलनीतली पोरं आली. तुझ्या शाळेतून बाहेर पडलेली, आता केडगावला, कुरकुंभला कामाला असणारी आली. कंपनीतल्या माझ्या लाइनवरचे बिहारचे तिघं रात्रपाळी करून न झोपता आले. त्यातला एक घाबरट, सुई बघून डोळे मिटून बसला आणि मला म्हणाला, "भैया, दीदी को बोलना मत कि मैं डर गया था." मी तुला सांगितलंच. तू त्याला फोन लावायला लावलास आणि मोडक्या हिंदीत त्याच्याशी अर्धा तास बोललीस.

आणि आबा आले.

हे लिहायला मी कचरतोय. तू जातीबाहेर लग्न केलंस तेव्हा आबा चावडीसमोर म्हणाले होते, "ती आपल्या रक्ताची न्हाई. आपल्या रक्ताची असती तर असं केलं नसतं." तेव्हापासून त्यांनी तुझ्या दारात पाय ठेवला नाही, तुला घरी येऊ दिलं नाही. आई गेली तेव्हा तू वेशीपर्यंत येऊन मागं फिरलीस. आपण दोघं दौंडला भेटायचो आणि तू दरवेळी हाच वाद काढायचीस. "रक्तात नातं नसतं संजू. रक्तात पेशी असत्यात. आबांचं रक्त आन् त्या वीटभट्टीवरच्या माणसाचं रक्त शेजारी ठेव, कुणाचं कुठलं ते ब्रह्मदेवाला ओळखता यायचं न्हाई." मी म्हणायचो, असं कसं, रक्ताचं काहीतरी असतंच की. तू म्हणायचीस, दाखव मला सूक्ष्मदर्शकाखाली.

तर आबा आले. मी सांगितलं नव्हतं, कुणीतरी गावात सांगितलं असणार. पांढरा सदरा, टोपी, हातात काठी, दवाखान्याच्या खाली रक्तपेढीच्या काउंटरवर उभे. तिथली पोरगी विचारत होती वय किती, शुगर आहे का, गोळ्या कुठल्या चालू आहेत. आबा एकच सांगत होते, "माझं काढा. लागंल तेवढं काढा. पोरगी माझी हाय."

ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या वयाच्या माणसाचं आम्हाला घेता येत नाही. तुम्हाला शुगर पण आहे."

"म्हंजी माझ्या पोरीला माझं रक्त चालत न्हाई व्हय?"

मी मधे पडलो. त्यांना बाकावर बसवलं. आबा रडले नाहीत, तुला माहीत आहेत ते. काठी दोन्ही पायांत धरून बसून राहिले. मी म्हणालो, वर चला, भेटा. ते म्हणाले, "कंच्या तोंडानं?" आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. तुला मी हे सांगितलं तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस. मग विचारलंस, "जेवले का ते?"

पहिल्या औषधांनी आजार दबला, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, हा परत येणारा प्रकार आहे. कुणाच्या तरी निरोगी पेशी घालाव्या लागतील. आपल्या थोरल्या दादाची आणि माझी तपासणी झाली. तू समजावलंस की हे जुळणं रक्तगटापेक्षा वेगळं. पेशींच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात, निम्म्या आईकडून, निम्म्या बापाकडून. सख्ख्या भावंडांतही चारात एकाचंच पुरतं जुळायची शक्यता. दादाचं जुळलं नाही. त्याला ते लागलं, म्हणाला, "मी काय सावत्र हाय का?" तू त्याला फोनवर म्हणालीस, "येडा हाईस का? पत्ते पिसल्यासारखं असतंय ते. तुला वेगळी पानं आली." माझी पानं आणि तुझी पानं तीच निघाली. सगळी.

मला आनंद झाला होता अक्का. उड्या मारल्यासारखा आनंद. हे आज लिहायला नको वाटतं, पण झाला होता.

मला पोटात इंजेक्शनं दिली, हाडातल्या पेशी रक्तात उतरायला. पाठ, कंबर, मांड्या आतून ठणकत होत्या, कुणी हाडं पिरगाळतंय असं. मग दोन्ही हातांत सुया घालून मशीनला जोडलं. एका हातातून रक्त बाहेर, मशीन त्यातलं हवं तेवढं वेगळं काढणार, बाकीचं दुसऱ्या हातातून परत आत. सायंकाळी पिशवी भरली. टोमॅटोच्या पातळ साराचा रंग. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. एवढीशी पिशवी. ती तुझ्या काचेच्या खोलीत नेली आणि सलाइनसारखी लटकवली. तू काचेपलीकडून हात हलवलास. नर्स म्हणाली, आज मॅडमचा नवा वाढदिवस. दाजी मला मिठी मारून रडले. कधी न बोलणारा माणूस.

पुढं पंधरवडाभर तुझ्यात तुझं काही राहिलं नव्हतं आणि माझं अजून रुजलं नव्हतं. तोंडात फोड, थुंकी गिळता येईना. रोज सकाळी रिपोर्ट यायचा, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. मग एक दिवस थोड्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी जास्त. डॉक्टरबाई हसल्या. मी केतकीला फोन केला तर तिनं तो आकडा मला दोनदा सांगायला लावला.

तू दौंडला आलीस, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल. पुढं तपासणीत रक्तपेढीनं सांगितलं की तुझा गट बदललाय. जन्मभर तू बी पॉझिटिव्ह, आईसारखी. आता ओ पॉझिटिव्ह. माझा आणि आबांचा. जुन्या तांबड्या पेशी चारेक महिनेच जगतात, त्या संपत आल्या आणि नव्या सगळ्या माझ्या वळणाच्या. तुला एवढी मजा वाटली की तू रेश्माला फोन करून सांगितलंस, "परीक्षेत विचारलं असतं तर तू चूक उत्तर दिलं असतंस. मीसुद्धा."

आणि त्या आठवड्यात आबा दारात आले. ह्या वेळी वर आले. चपला काढल्या, हात धुतले, मी दिलेला मास्क बांधला आणि खाटेपासून लांब खुर्चीवर बसले. तू म्हणालीस, "या आबा." इतक्या वर्षांनी दोनच शब्द. केतकीनं पाणी दिलं. आबांनी तिच्याकडं बघितलं, तिचं नाव विचारलं. आपल्या नातीचं नाव.

मीच बोलून गेलो. म्हणालो, आबा, अक्काचा गट बदलला, आता तुमचा आणि तिचा एक.

आबांचे डोळे भरले. ते तुझ्याकडं बघून म्हणाले, "म्हंजी आता तुझ्यात आपलं रक्त हाय."

तू शांतपणे विचारलंस, "आधी कुणाचं होतं, आबा?"

बाहेर एक डेमू गाडी येऊन थांबली, सुटली. आबा उठले, तुझ्या पायांपाशी आले, हात पुढं केला आणि तुला शिवायचं नाही हे आठवून तसाच मागं घेतला. त्यांना तू आणखी काही बोलायला हवं होतंस, की त्यांनी तुला, हे मला आजही ठरवता येत नाही. तो प्रश्न तिथंच राहिलाय. तू गेल्यावर आबा रोज ओट्यावरनं मला फोन करतात आणि तेच विचारतात, "ती काय म्हणाली व्हती रं तवा?" मी सांगतो. ते फोन ठेवतात. दुसऱ्या दिवशी परत विचारतात.

मग तळहातांवर लाली आली. तळपायांवर. कानामागं. मी म्हणालो, हे काय? तू म्हणालीस, "औषधाची ॲलर्जी." कातडी सोलून निघायला लागली. मी विचारलं, तू म्हणालीस, "उन्हाळा हाय." जुलाब सुरू झाले, ते थांबेनात. परत पुण्याला नेलं. डोळे पिवळे झाले. मी विचारलं. "इन्फेक्शन," तू म्हणालीस. दाजींना विचारलं तर ते म्हणाले, तिलाच विचार. तू जन्मात कधी एवढी थोडक्यात उत्तरं दिली नव्हतीस. डेंग्यू म्हणजे काय विचारलं तर तू डासाच्या जन्मापासून सुरुवात करायचीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला बरं वाटणारंच ऐकायचं होतं.

तू हाडांचा सापळा झालीस तेव्हा मी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो. दाजींना न सांगता. म्हणालो, "मॅडम, अजून घ्या माझ्या पेशी. एकदा दिल्यात, परत देतो. मशीनला दिवसभर बसवा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"काय?"

"तुमच्या पेशी चांगल्या रुजल्यात. आजाराच्या पेशी त्यांनी मारल्यात, आज तपासणीत कॅन्सर कुठं दिसत नाही. पण पांढऱ्या पेशींचं कामच आपलं कोण, परकं कोण हे ओळखायचं. त्यांना तुमच्या बहिणीचं शरीर परकं वाटतंय. कातडी, आतडी, यकृत. त्या तिथं हल्ला करताहेत. आम्ही औषधं देतोय, पण त्या दबत नाहीयेत. आणखी पेशी दिल्या तर आणखी वाढेल."

मी विचारलं, "सगळं जुळलं होतं ना?"

"जुळलं तरी होतं कधीकधी. त्यात तुमचा काही दोष नाही."

दोष नाही हे मला कळतं, अक्का. मी शहाणा माणूस आहे, कंपनीत पंधरा माणसं सांभाळतो. पण त्या खोलीतून बाहेर येताना मी माझे हात बघत होतो. आबांनी तुला परकी म्हटलं, त्याला निदान तोंड होतं, त्याच्याशी भांडता येत होतं. माझ्या रक्तानं तुला परकी ठरवलं आणि मला पत्ताही नव्हता. मी खाली कँटीनमध्ये वडापाव खात होतो तेव्हाही ते चालू होतं.

मी तुझ्याकडं आलो तो भांडायला. खरंच. दारातच ठरवलं होतं, विचारायचं, माझ्यापासून का लपवलंस? तू मला एवढं शिकवलंस आणि हेच का नाही? तू डोळे मिटून पडली होतीस. तळपायाची कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली. मी जवळ गेलो तसे तू डोळे उघडलेस, पिवळेजर्द. माझ्या तोंडाकडं बघितलंस. तुला कळलं, मला कळलंय. एवढं मी खात्रीनं सांगतो.

तू म्हणालीस, "हात धुतलेस का?"

मी म्हणालो, "धुतो."

मी हात धुऊन आलो. तोवर तुला ग्लानी आली होती. मी तुझी चादर सारखी केली आणि बसलो. दुसऱ्या दिवशी तुला श्वासाच्या मशीनवर घेतलं. हात धुतलेस का, हे तुझं मला शेवटचं बोलणं. मी अजून कुठंही हात धुताना थबकतो. पलीकडचा माणूस म्हणतो, साहेब, सरका की.

दहाव्याच्या संध्याकाळी केतकी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. दाजी बाहेर कॉलनीतल्या माणसांत बसले होते. तिनं माझ्याकडं पाठ ठेवूनच विचारलं, "मामा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"आईला तुमच्या पेशींनी मारलं का?"

तू असतीस तर काहीतरी सोय लावली असतीस. ॲलर्जी, उन्हाळा, इन्फेक्शन. माझ्या तोंडात ते शब्द आले होते. पण पोरगी तुझी होती, आणि हातातलं ताट घट्ट धरून उभी होती. मी म्हणालो, "व्हय. कॅन्सर पण त्यांनीच मारला, आन् आईला पण."

ती वळली. रडली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं. आईनं सांगितलं होतं मला."

"कधी?"

"तळहात लाल झाले तेव्हाच. म्हणाली, मामाला सांगायचं नाही. शपथ घातली होती."

"का गं?"

"म्हणाली, मामाला कळलं तर तो परत कधी कुणाला रक्त देणार नाही. त्याच्या गटाचं रक्त सारखं लागतं म्हणाली. आणि..." ती थांबली. ताट फळीवर ठेवलं. "आणि म्हणाली, तो खूप खूश आहे. त्याला राहू दे."

मग ती खाली बसली आणि मी तिच्या शेजारी. तुझी बारावी झालेली पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "एवढे दिवस मी एकटीच होते मामा, हे माहीत असलेली." तेवढ्यासाठी मी तुला माफ करणार नाही. बाकी सगळ्यासाठी तुझे पाय धरीन. पण पोरीच्या डोक्यावर हे ओझं द्यायला नको होतंस. हे मी तुला तोंडावर बोललो असतो आणि तू मला दहा कारणं सांगितली असतीस.

काल कंपनीच्या गेटवर रक्तदानाचा मांडव पडला होता. दरवर्षी पडतो. मी दरवर्षी सगळ्यांत आधी जातो, पोरांना लाज वाटावी म्हणून. काल पोरं गेली. मी माझी पाळी संपवून त्यांच्या मागं उभा राहिलो. पुढची माणसं कमी होत गेली. माझी वेळ आली, टेबलामागच्या मुलीनं विचारलं, "सर, रक्तगट?"

मला सांगता आला नाही. मागच्यांना वाटलं, फोन आला असेल. मी मांडवातून बाहेर आलो, गाडी काढली आणि थेट घरी आलो.

तुला ज्याची भीती होती तेच झालं, अक्का. आता तूच सांग. रागव, शिव्या घाल, पुस्तकातलं बोल नाहीतर घरचं बोल, पण काहीतरी बोल. मी ऐकतोय.